माग थांबला की

होळीनंतर चादरी घडी घालून कपाटावर गेल्या.
एक सिरीनं परत ओढून काढली,
मोराच्या नक्षीची, विणताना कडेला चूक झालेली,
म्हणून तिच्या नान्नांना अर्ध्या भावात मिळालेली,
आणि कॉटखाली घर थाटलं.
भाडेकरू म्हणून वेंकूला ठेवलं.
भाडं रोज एक बिस्कीट,
तेही तिच्याच डब्यातलं.

पाडव्याला वेंकूच्या गळ्यात साखरेचा हार घातला.
दुपारपर्यंत मुंग्यांनी त्याला शोधून काढलं.
रडला नाही. बोट दाखवून
"आली, आली" म्हणत राहिला.
तेव्हा त्याच्याकडे दोनच शब्द होते,
आली आणि नको.
चैत्र त्यानं त्यांच्यावरच काढला.
पाणी आली. लाइट आली. नान्ना आली.
कडुलिंब नको. टोपी नको.
झोप तर अजिबात नको.

आमच्या पेठेत सोमवार-मंगळवार नावालाच.
एक पाण्याचा दिवस,
मग पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
आणि परत पाण्याचा, नशीब असेल तर.
पहिलीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं,
"उद्या कोणता वार?"
सिरी म्हणाली, "पाण्याचा."
बाईंनी अर्धा मार्क दिला.
त्या आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात.

नळ येतो पहाटे तीनला.
बॅरल, घागरी, कुकर, दुधाचं पातेलं,
कूलरची टाकी, शेवटी बाळाचा टब.
एकदा मागे वळून पाहिलं तर
टबात वेंकू, कपड्यांसकट,
आणि दारात सिरी, डोळे मिटलेले,
हातात स्टीलचा पेला,
"माझा पण भर."

मग ऊन आलं.
पेपरात चव्वेचाळीस.
"कोण मोजतं बे हे?"
"बे म्हणायचं नाही अम्माला."
"बरं. पण कोण मोजतं?"
मला माहीत नव्हतं.
डांबरात तिची एक चप्पल रुतली,
ती काढायला वाकले तर हाताला चटका.
घरी येऊन ओले टॉवेल खिडकीला लावले,
रोज डझनाच्या हिशेबानं मोजतो तेच टॉवेल,
आणि तासाभरात ते पापडासारखे कडक.

कडक भाकरी चुरताना
तिचा पुढचा दात शेंगाचटणीत पडला.
दोन दिवस आम्ही सगळे
चटणी जरा जपूनच खात होतो.
दात पहिल्याच घासात सापडला होता खरं तर.
पण तिला वाटत होतं, आणखी असतील.

आता सांगायचं राहिलं ते हे.
आमच्या भिंतीपलीकडे गाजुलांचे चार माग.
पाहुणे रात्रभर कूस बदलतात,
सकाळी विचारतात, तुम्ही झोपता कशा?
माझी दोन्ही पोरं त्या खटाखटीतच वाढली.
फटाक्यांनी उठली नाहीत,
वरातीच्या बँडनं उठली नाहीत.
उठतात ती माग थांबला की.

वैशाखातल्या एका दुपारी लाइट गेली.
पंखा दोन फेऱ्या उगाच फिरला.
भिंतीपलीकडे एक एक करत चारही गप्प.
त्या शांततेनं वेंकू दचकून उठला,
घामानं भिजलेला, ओठ काढून, "नको, नको."
वारा घातला, पाणी पाजलं, मांडीवर घेतलं.
नको.

कॉटखालून आवाज आला.
सिरी पाटीवर पट्टी आपटत होती.
खट खटा खट, खट खटा खट,
आणि दर चौथ्याला एक ठोका चुकवत.
"असं का गं?"
"तिसरा लंगडतो ना."

इतकी वर्षं त्या भिंतीला डोकं लावून झोपले,
मला कधी कळलं नव्हतं.

वेंकूची मूठ हळूहळू सुटली.
तिचाही हात मंदावला, पट्टी निसटली,
मग मी ती उचलली
आणि जमेल तसा लंगडत राहिले.
साडेचारला लाइट आली.
"आली," तो झोपेतच म्हणाला.

उद्या पाण्याचा दिवस.
बॅरल अजून घासायचंय.